बोटं, डोळे आणि एक अमावास्या: कोथरूडमधल्या हॅलोविनचं प्रकरण

२९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाला मेसेज आला. "अगं, बोटं आणि डोळे सोडून काही आहे का? आम्ही त्या आकाराचं खात नाही." पाठवणारी आमच्या सातारा रोडकराची बायको. तोवर माझ्याकडे अठ्ठावीस बोटं भाजून डब्यात बसली होती आणि माणसं यायला दोनच दिवस उरले होते.

घरच्या पार्टीवर प्रकरण लिहायचं म्हणजे अतीच, हे मान्य. पण स्वयंपाकात मी इतक्या वेळा मागे फिरले, आणि प्रत्येक वेळी कारण इतकं वेगळं निघालं, की लिहून ठेवावंसं वाटलं.

माणसं आणि तारीख

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एकाच नावाच्या तिघी आहेत, म्हणून वीस वर्षं सगळेच भागावरून ओळखले जातात. औंधकर, धायरीकर, सातारा रोडकर. एक सहा वर्षं आयर्लंडला राहून बाणेरला परत आली, तिला बाणेरकर न म्हणता डब्लिनकर म्हणतात. हॅलोविनची टूम तिची. मोठी अकरा, मुलं तीन, आणि घर आमचं, कारण गॅलरीतून वेताळ टेकडी दिसते. शहरातला सगळ्यात उंच माथा, वर वेताळाचं देऊळ. आयती सजावट.

खरं तर २०२४ मध्येच करायचं ठरलं होतं. पण त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला नेमकी नरक चतुर्दशी आली. पहाटे उटणं लावून, अंगठ्याखाली कारीट फोडून, फराळाला बसलेल्या माणसांना संध्याकाळी कुठली भुतं दिसणार? २०२५ मध्ये भाऊबीज २३ तारखेला आटोपली आणि ३१ ला शुक्रवार होता. सासूबाईंची हरकत वेगळीच होती. "सर्वपित्रीला पितरं जेवून गेली ना? मग महिन्याभरात परत कशाला बोलावताय?"

डब्लिनकरने त्यांना समजावलं ते मात्र छान. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, हॅलोविन म्हणजे त्याची आदली संध्याकाळ. त्याच्याही आधीपासून आयर्लंडमध्ये या सुमाराला साऊइन नावाचा सण होता. सुगी संपायची, हिवाळा सुरू व्हायचा, आणि त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात असं मानायचे. तिकडे मूळचा दिवा भोपळ्याचा नव्हताच, सलगमासारखा कंद कोरायचे. आयरिश माणसं अमेरिकेला गेली, तिथे त्यांना भोपळा सापडला, आणि तो कोरायला कितीतरी सोपा. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांचा पितृपक्ष एका रात्रीत उरकतात."

पहिली यादी

यादी डब्लिनकरने केली, स्वयंपाक माझ्याकडे. चेटकिणीची बोटं, पाझरणारे डोळे, जेलीच्या अळ्या, रक्ताचं सरबत, धुराचं पेय, कबरीची माती. बंधनं आधीच माहीत होती. अंडं नको. सातारा रोडकर जैन, त्यामुळे कंदमुळं नकोत, म्हणजे लाल रंगासाठी बीट बाद. जेलॅटिन जनावराच्या हाडाकातड्यापासून होतं, तेही बाद. काळ्या रंगासाठी हल्ली खायचा कोळसा मिळतो, पण तो पोटात औषधंही शोषून घेतो आणि आमच्यातल्या तिघी रोज थायरॉइडची गोळी घेतात. म्हणून काळं म्हणजे काळे तीळ आणि कारळे, लाल म्हणजे कोकम. एवढं ठरवून मी रविवार पेठेत बोहरी आळीतून बटर पेपर, जाड स्ट्रॉ आणि पावडर नसलेले हातमोजे आणले आणि मंडईतून भोपळा.

भोपळ्याचं सांगायलाच हवं. आपल्याकडे लाल भोपळा फोडीने विकतात. अख्खा लहान मिळेना. शेवटी चार किलोचा, चपटा, खोल खाचांचा एक घेतला. घरी सुरी लावणार तेवढ्यात सासूबाईंनी हात धरला. अख्खा कोहळा किंवा भोपळा बाईने आधी कापायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने लावायची. का, तर बळीच्या जागी कोहळा फोडतात, त्याच्यात जीव मानलेला असतो. नवऱ्याला मीटिंगमधून उठवून एक चीर देववली आणि मग बाकीचं मी कोरलं. त्या वेळी मला हे नुसतं गमतीचं वाटलं होतं.

आतल्या गराचे घारगे झाले. पार्टीत सगळ्यात आधी संपले ते घारगेच, आणि त्यांच्यात भुताखेताचं काहीही नव्हतं.

बोटं सुजली

बोटांसाठी मी नानकटाईचं पीठ घ्यायचं ठरवलं होतं. पहिला घाणा २८ तारखेला लावला आणि ओव्हन उघडला तर आत चेटकिणीची बोटं नव्हती, वडापाववाल्याची होती. जाड, भेगाळलेली, एकमेकांना चिकटलेली. नानकटाईत सोडा असतो. तिला तो फुलवतो आणि तडे देतो, तेच तिचं सौंदर्य. बोटाला ते चालत नाही.

दुसऱ्या घाण्याचं माप टिपून ठेवलंय: २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम साजूक तूप, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, गरज लागली तर चमचाभर दूध. सोडा, बेकिंग पावडर काहीही नाही. वळताना बोट पेन्सिलीएवढंच ठेवायचं. हाताला ते फार किरकोळ वाटतं, पण भाजल्यावर बरोबर माणसाचं होतं. पेरांच्या जागी जरा चिमटायचं आणि सुरीच्या पाठीने तीन तीन रेघा. मग ट्रे चाळीस मिनिटं फ्रीजमध्ये, तूप घट्ट होईपर्यंत. हीच पायरी पहिल्यांदा मी गाळली होती. नंतर १६० अंशांवर अठरा ते वीस मिनिटं.

नखाला बदाम. सोललेला बदाम लावला तर बोट ब्यूटी पार्लरमधून आल्यासारखं दिसतं. सालासकट लावायचा, तोच मळकट आणि लांबुडका दिसतो. गार झाल्यावर बदाम सुटून येतात, ते चुकलं असं समजू नका. खड्ड्यात आटवलेल्या कोकमाच्या पाकाचा थेंब सोडायचा आणि बदाम परत दाबायचा. पाक कडेने वर येतो आणि नख उपटून बसवल्यासारखं दिसतं. धायरीकरने फोटो बघून फोन केला, "अगं शी! मला चार ठेव."

डोळे त्या मानाने सोपे. डब्यातले रसगुल्ले हलके पिळून घ्यायचे, स्ट्रॉने मधोमध भोक पाडायचं, त्यात हिरव्या जेलीची चकती आणि वर काळी मनुका. चकतीसाठी चायना ग्रास नुसत्या पाण्यात पूर्ण विरघळवून, गॅस बंद करून, मग खसचं सरबत घातलं. कोकम किंवा लिंबू घालायचं असेल तरीही गॅस बंद केल्यावरच, आंबट घालून उकळलं तर जेली नीट धरत नाही. चायना ग्रास साध्या खोलीतही घट्ट होतं आणि परत वितळायला साधारण ८५ अंश लागतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेर राहिलं तरी चालतं.

शिरा काढायला खाण्याच्या रंगाचं पेन आणलं होतं, ते ओल्या रसगुल्ल्यावर चालेना. वैतागून केशराच्या दोन काड्या ठेवून बघितल्या. दहा मिनिटांत काड्यांच्या भोवती पिवळट लाल डाग पसरत गेला आणि रसगुल्ला अक्षरशः डोळे आल्यासारखा दिसायला लागला. २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा घरोघरी हेच दिसत होतं. मी ती बशी झाकून ठेवली. मलाच बघवेना.

अळ्या फसल्या. स्ट्रॉमध्ये भरलेलं चायना ग्रास घट्ट झालं, पण ते ठिसूळ असतं, जेलॅटिनसारखं लवचीक नसतं. बाहेर काढताना प्रत्येक अळीचे चार तुकडे. त्याऐवजी फालुद्याची शेव कॉफीच्या पाण्यात भिजवली, काम झालं.

मेसेज

आणि मग २९ चा मेसेज.

मी आधी चिडले, हे लपवत नाही. बीट काढलं, जेलॅटिन काढलं, अंडं काढलं, आता आकारही? फोन केला तर वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुझं साहित्य शंभर टक्के चालेल गं. पण बोट म्हणून खायचं, डोळा म्हणून खायचा, ते आमच्यात हिंसेतच धरतात. मुलीलाही प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं देत नाही आम्ही." आणि त्यांनी यशोधर राजाची गोष्ट सांगितली. राजाने जिवंत कोंबड्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीला वाहिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मारण्याचा भाव मनात होता, म्हणून त्याला आणि त्याच्या आईला कितीतरी जन्म पशुयोनीत काढावे लागले.

फोन ठेवला आणि मला भोपळ्यावरचा सासूबाईंचा हात आठवला. म्हणजे एका घरात पिठाचा कोंबडा केला तर पाप लागतं, आणि दुसऱ्या घरात कोहळा फोडला की बळी पोचतो. निष्कर्ष उलटे, पण दोघींनाही एक गोष्ट पक्की माहीत आहे: ज्याच्या नावाने वस्तू कापतो, ते त्या वस्तूत येतं. आम्ही तरी काय करतो? अकरा दिवसांनी ज्या घरात पार्टी होणार होती त्याच घरात पहाटे नरकासुर म्हणून कारीट चिरडलं होतं आणि कडू रस जिभेला लावला होता. "बोट म्हणून" नानकटाई खाणं हा परक्या देशाचा पोरखेळ आहे असं समजत होते मी. आमच्याकडे तो खेळ लोक फारच मनावर घेतात.

बरं, मग आकार कुठला करायचा? डब्लिनकर म्हणाली झाडू कर, चेटकिणीचा. खारी काडी, खाली चीजच्या पट्टीच्या झिरमिळ्या, तिकडे सगळीकडे करतात. मी ३० ला दुपारी दोन करून ताटलीत ठेवले. सासूबाई आत आल्या, बघितलं. "ही केरसुणी का गं?"

"हो आई. चेटकीण हिच्यावर बसून उडते."

"नऊ दिवसांपूर्वी हळदकुंकू वाहिलंय तिला. लक्ष्मी आहे ती. खायची?"

मी दोन्ही झाडू तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकले. पुरावा नको.

आता राहिलं काय? प्राणी नको, अवयव नको, लक्ष्मी नको. थडगी करता आली असती, पण औंधकराचे वडील याच वर्षी गेले, ते मला नको वाटलं. संध्याकाळी ओट्याशी उभी राहून काळे तीळ भाजत होते आणि सुचलं: नुसता गोल. त्याच नानकटाईच्या पिठात ६० ग्रॅम भाजलेल्या काळ्या तिळाची पूड, गोल थापून वरूनही अख्खे तीळ दाबायचे. भाजल्यावर काळाकुट्ट, सपाट, काहीच नसलेला गोळा. नाव ठेवलं अमावास्या. वहिनींना फोटो पाठवला. त्यांचा चंद्राबद्दल काही आक्षेप नव्हता. सासूबाईंनी विचारलं फक्त, की शुक्लपक्षात अमावास्या कशी.

पेयं

धुराच्या पेयासाठी धायरीकर ड्राय आइस आणणार होता. मी नाही म्हटलं आणि यात मला अजिबात शंका नाही. ड्राय आइस म्हणजे घन कार्बन डाय ऑक्साइड, उणे ७८.५ अंश. तो वितळत नाही, सरळ वायू होतो. ग्लासात तळाशी तुकडा राहिला आणि कुणी गिळला तर आतून भाजतं, बंद बाटलीत ठेवला तर बाटली फुटते, आणि डासांसाठी खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये तो वायू जमिनीलगत साठतो, जिथे मुलं बसलेली असतात. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखवास म्हणून चुकून हाच दिला गेला आणि खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं. आमच्याकडे तीन मुलं आणि अंधार.

धूर हवाच होता म्हणून सासूबाईंनी धुपाटणं काढून दिलं. निखाऱ्यावर ऊद टाकला, गॅलरी धुराने भरली, दिसायला झकास. पण घराला पाच मिनिटांत देवळाचा वास. आल्या आल्या औंधकर म्हणाला, "चप्पल बाहेर काढायची का?" उदाने भूत पळतं, येत नाही, हे आपण कसं विसरलो कोण जाणे.

रक्ताच्या सरबतात फार सांगण्यासारखं नाही. गोड कोकम सरबत, काळं मीठ, जिरेपूड, आयत्या वेळी सोडा. त्यात तरंगणारा बर्फाचा हात मात्र दोनदा करावा लागला. पहिल्यांदा मोज्यात कोकमाच्या आगळाचं पाणी भरलं. आगळात मीठ असतं, ते लवकर गोठत नाही, हात मऊच राहिला आणि तीन बोटं मोज्यात अडकून तुटली. दुसऱ्यांदा नुसत्या पाण्यात आमसुलं टाकली, आख्खा दिवस फ्रीझरमध्ये ठेवला, आणि मोजा ओढून न काढता कात्रीने कापत सोलला.

खरी मजा गोकर्णीची. सोसायटीच्या कुंपणावर निळी गोकर्ण आहे. दहा-बारा फुलं, हिरवा देठ काढून, गरम पाण्यात टाकली की लिटरभर पाणी गडद निळं होतं. लिंबू पिळलं की तेच जांभळं, आणखी पिळलं की गुलाबी, कारण फुलातलं रंगद्रव्य आम्लात रंग पालटतं. हा क्षण पाहुण्यांसमोर व्हायचा होता. मदतीला आलेल्या धायरीकरने, "सरबत आहे ना, मग लिंबू राहिलं वाटतं," म्हणत साडेसहालाच अख्ख्या जगमध्ये चार लिंबं पिळली. रात्री टॉर्च घेऊन परत फुलं तोडली. दुसऱ्यांदा लिंबाचा रस खोकल्याच्या औषधाच्या टोपणांतून प्रत्येकाच्या हातात वेगळा दिला, "विष" म्हणून. तळाशी भिजवलेला सब्जा, तो बेडकाच्या अंड्यांसारखाच दिसतो, काही करावंच लागत नाही.

शुक्रवार

सातारा रोडकर मंडळी पाचलाच आली. त्यांचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे ५ नोव्हेंबरपर्यंत, आणि त्यात ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. ३१ ला पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यामुळे भुताची पार्टी त्यांनी लख्ख उन्हात, गॅलरीत बसून केली. घारगे, सरबत, आणि अमावास्या. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने काळ्या गोळ्याचा एक चावा घेतला, उरलेला टेकडीसमोर धरून बघितला आणि म्हणाली, "चंद्र उगवला."

रात्रीच्या मंडळींनी बोटं हसत हसत फस्त केली. इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं, घाबरतील. "किती गोड!" म्हणत फोटो काढले आणि नख कुरकुर चावलं. डोळ्यांवर थोडी किंकाळी, मग तेही गेले.

जे कुणीच उचललं नाही ते श्रीखंड. चक्क्यात मी पुदिन्याचा हिरवा रंग आणि काळ्या तिळाची पूड घालून "कबरीवरचं शेवाळ" केलं होतं. चव उत्तम होती, शपथेवर सांगते. पण दुधाच्या पदार्थावर हिरवट राखाडी झाक आणि काळे ठिपके म्हणजे बुरशी, हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मेंदू तिथे विनोद करू देत नाही. लाल चालतं, काळं चालतं, बोट चालतं, नासलेलं चालत नाही. पुढच्या वेळी कुणी करणार असेल तर एवढं माझ्याकडून लक्षात ठेवा: दही, चक्का, खवा, पनीर यांना हिरवा हात लावू नका.

आणि भीती म्हणाल तर ती अमावास्येला वाटली. साडेनऊला दिवे घालवले, भोपळ्यात पणती ठेवली, औंधकराने मुलांच्या हातात एकेक काळा गोळा दिला आणि वेताळाची पालखी कशी निघते ते सांगायला सुरुवात केली. बोलताना म्हणाला, "पालखी जवळ आली की हातातली अमावास्या मोठी होते." अंधारात काळ्या बिस्किटाची कड दिसत नव्हती, बोटांना नुसते तीळ लागत होते. डब्लिनकरच्या मुलाने ते टाकून दिलं आणि आईच्या कुशीत शिरला. त्याच मुलाने तासाभरापूर्वी तीन डोळे खाल्ले होते.

डब्लिनकरने तिकडचा बार्मब्रॅक करून आणला होता, चहात भिजवलेल्या मनुकांचा पाव. त्यात अंगठी लपवतात, जिच्या तुकड्यात येईल तिचं लग्न त्या वर्षी ठरतं. आमच्यातल्या सगळ्यांची लग्नं झालेली. अंगठी नवऱ्याला सापडली, त्यावर झालेले विनोद लिहिण्यासारखे नाहीत.

भोपळा तिसऱ्या दिवशी आतून पांढुरका होऊन बसकला. श्रीखंड मी आणि नवऱ्याने दोन दिवस, दिवा न लावता, पुरीबरोबर संपवलं. शनिवारी सकाळी डब्यात सहा बोटं उरली होती. सासूबाईंनी चहाबरोबर डबा उघडला. एक उचललं, फिरवून बघितलं, नखाचा बदाम अलगद काढून बशीच्या कडेला ठेवला, रेघा अंगठ्याने पुसून टाकल्या, आणि उरलेली नानकटाई चहात बुडवली.